आधी खुर्ची उलटी करा

फोंडा-मडगाव मार्गावर मी सव्वीस वर्षं कंडक्टर होतो. बोरीचा पूल ओलांडला की लोटली, राय, दोन्ही बाजूंना जुनी मोठी घरं. कुणाच्या बल्कांवातली (दारापुढच्या बसायच्या सोप्यातली) आरामखुर्ची दिसेनाशी झाली, कुणाच्या छपरावरचे नळे (कौलं) उतरवायला घेतले, हे मला तिकिटं फाडता फाडता कळायचं. ड्युटी सुटली की स्कूटर काढून मी परत त्याच वाटेनं, जुनं फर्निचर घ्यायला. आज आमच्या बांदोड्याच्या तीन खोल्यांच्या घरात अकरा खुर्च्या, दोन टेबलं, एक वॉशस्टँड (तोंड धुवायचं भांडं ठेवायचं टेबल) आणि खणांचं एक कपाट आहे. बसायला जागा नाही, असं घरची म्हणते. अकरा खुर्च्या असून.

अलीकडे लोक विचारायला येतात, की अमुक दुकानात व्हिक्टोरियन सेट आहे, घेऊ का? फोनवर फोटो दाखवतात. फोटो नेहमी समोरून काढलेला. समोरून बघून मला काहीच सांगता येत नाही, आणि जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आमच्या वाड्यावरच्या म्हाताऱ्या मेस्तानं (सुताराला आमच्याकडे मेस्त म्हणतात) मला पहिल्या दिवशी एकच गोष्ट दाखवली. खुर्ची उचलली, उलटी करून मांडीवर घेतली आणि बोकडाचे दात बघावेत तशी तिच्या पोटाखाली नजर घातली. तोंडदेखलं पॉलिश कोणीही करतो, पोटाखाली कोणी करत नाही.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. व्हिक्टोरिया राणीची कारकीर्द १८३७ ते १९०१. त्या काळातली इंग्रजी धाटणी ती व्हिक्टोरियन. पण गोव्यावर व्हिक्टोरियाचं राज्य कधी नव्हतं. इथे लिस्बनचं होतं, आणि गंमत म्हणजे तिकडेही सुरुवातीला राणीच होती, दुसरी मारिया. दोघींचा जन्म एकाच वर्षीचा, १८१९ चा. मग इंग्रजी फर्निचर गोव्यात आलं कुठून? मुंबईहून. निम्मा गोवा तिकडे नोकरीला, नाहीतर जहाजावर. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानंतर काही वर्षं दोन्ही मुलखांमधली जकात उठली होती, आणि १८८० च्या दशकात मुरगावची रेल्वे घाट चढून गेली. माणसाबरोबर त्याची हौसही आली.

त्यामुळे गोव्यात ‘व्हिक्टोरियन’ म्हणून जे मिळतं ते तीन प्रकारचं. एक, खरोखर विलायतेत बनलेलं. हे सगळ्यात कमी. दुसरं, मुंबईत बनलेलं, बहुतेक शिसवीचं, भरगच्च कोरीव कामाचं. तिसरं, गोव्यातल्या मेस्तानं तो नमुना बघून इथल्या लाकडात केलेलं. हे सगळ्यात जास्त, आणि माझं मन त्यात सगळ्यात जास्त रमतं. दुकानदार तिन्ही एकाच नावानं आणि एकाच भावानं विकतो, भांडण तेवढ्यावर आहे. तिसऱ्या प्रकाराला खोटं म्हणू नका. सव्वाशे वर्षांपूर्वी एखाद्या भाटकारानं (जमीनदारानं) मुंबईत पाहिलेली खुर्ची मेस्ताला तोंडी वर्णन करून सांगितली, आणि मेस्तानं ती केली. इंग्रजी खुर्चीच्या पाठीवर गुलाब असेल तिथे याच्या हातून आपसूक कमळ उतरलं. असली खुर्ची मी विलायती खुर्चीपेक्षा आधी उचलीन. पण पैसे देताना ती विलायती आहे म्हणून देणार नाही.

बघायला जाताना खिशात काय ठेवायचं? टॉर्च, मोजपट्टी, भिंग, छोटं लोहचुंबक, एक पांढरा कागद, आणि स्पिरीटमध्ये भिजवलेला कापूस घट्ट झाकणाच्या डबीत. आणि जुना शर्ट घाला, कारण तुम्ही जमिनीवर आडवे होणार आहात. आडवं व्हायची लाज वाटते त्यानं नवं फर्निचर घ्यावं.

सुरुवात लाकडापासून करा. बाहेरच्या नव्हे, आतल्या. विलायतेत महोगनी महाग, म्हणून दर्शनी भागाला महोगनी, आणि खणाच्या बाजू, तळ, पाठची फळी ओकची किंवा स्वस्तातल्या मालात पाइनची. पाइन म्हणजे पिवळट, मऊ, गाठी असलेलं, नखानं सहज दबणारं. बाहेर महोगनीचा पातळ पापुद्रा आणि आत पाइन दिसलं की ती वस्तू इंग्रजी असण्याची शक्यता खूप वाढते. साग आणि फणस दाराशी असताना गोव्यातला मेस्त पाइन कशाला शोधत बसेल? उलट खण ओढल्यावर सागाचा तेलकट, चामड्यासारखा वास आला, किंवा फणसाचं लाकूड दिसलं, तर वस्तू इकडची. फणस कापल्यावर हळदीसारखा पिवळा असतो आणि वर्षं गेली की तांबूस होत जातो. खणाच्या तळाला, न दिसणाऱ्या जागी, नखानं किंचित खरवडलं तर आत पिवळं डोकावतं. शिसवी हातालाच कळते. जड, जांभळट तपकिरी, त्यात काळ्या रेघा. एकट्यानं उचलताना कंबर आठवली तर शिसव. महोगनी त्या मानानं हलकी आणि लालसर. उन्हात राहिलेली महोगनी फिकी पडते, म्हणून वरची फळी आणि खणाच्या आतली कड यांचा रंग ताडून बघा. दोन्हीकडे अगदी एकच रंग असेल तर कोणीतरी नुकताच हात फिरवलाय.

सागाला काळा रंग देऊन शिसव म्हणून विकण्याची चाल जुनी आहे. तिथे झिजलेले कोपरे बघायचे. खुर्चीच्या हातांच्या टोकांना आणि पुढच्या आडव्या दांडीवर रंगाखालून सोनेरी तपकिरी दिसतं.

आता पोटाखाली. इथे थोडं थांबावं लागेल, कारण इंग्रजीत या विषयावर लिहिलेले बरेच ठोकताळे इंग्लंडपुरते खरे आहेत आणि गोव्यात माणसाला तोंडावर पाडतात. मी पडलोय.

उदाहरणार्थ करवतीच्या खुणा. हातकरवतीच्या रेघा सरळ पण वेड्यावाकड्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या. गोल यंत्रकरवतीच्या रेघा कमानीसारख्या, बांगडीचा तुकडा ठेवावा तशा. इंग्लंडमध्ये साधारण १८३० नंतर गोल करवत सर्रास झाली. म्हणून तिकडचा जाणकार म्हणतो, सरळ रेघा असतील तर वस्तू त्याआधीची. आमच्याकडे? एक वर, एक खाली, अशी दोन माणसांनी ओढायची करवत विसाव्या शतकातही चालू होती. मेस्त सांगायचा, त्याच्या बापानं सगळं आयुष्य तसंच फाडलं. खणांच्या कोपऱ्यातल्या डव्हटेल (दातात दात अडकवलेल्या) सांध्यांचंही तेच. दात एकसारखे, मापून घातल्यासारखे असतील तर यंत्राचे, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे किंवा नंतरचे. लहानमोठे, हातानं कापलेले असतील तर इंग्लंडमध्ये ते जुने. गोव्यात मात्र ते १८६० चे असतील किंवा १९६० चे.

म्हणून मी एक नियम केलाय. यंत्राची खूण वस्तू कधीच्या आधीची नाही हे सांगते. हाताची खूण गोव्यात काहीच सांगत नाही.

स्क्रू मात्र सांगतात, कारण ते बाहेरूनच यायचे. जुन्या स्क्रूचं टोक बोथट, खाच मध्यापासून जरा सरकलेली, आटे ओबडधोबड. टोकदार यंत्रस्क्रू १८५० च्या सुमाराला आले. बर्मिंगहॅमच्या नेटलफोल्डनं त्याची अमेरिकन यंत्रं १८५४ मध्ये आणली, आणि पुढे सगळीकडे तेच झाले. अधिक चिन्हाची खाच असलेला स्क्रू १९३० च्या दशकातला शोध. तो एखाद्या दुरुस्तीत घातलेला असू शकतो, म्हणून एक दिसला की लगेच उठून जाऊ नका. पण सगळीकडे तेच असतील आणि भोवती दुसरं जुनं भोक नसेल, तर चहा पिऊन निघा. एक स्क्रू काढून बघायची परवानगी मागा. शंभर वर्षं बसलेला स्क्रू सहज निघत नाही आणि भोकाच्या कडेला लोखंडाचा काळा डाग सोडतो.

कुलपं आणि पायांखालची चाकं विलायती असायची, इथल्या मेस्ताच्या कपाटालाही. कुलपावर मुकुट आणि व्ही आर ही अक्षरं असली की दुकानदार खूश होतो. व्ही आर म्हणजे व्हिक्टोरिया राणी, बरोबर. पण ते कुलूप राणीच्या काळचं आहे, कपाट आहे की नाही ते वेगळं. कुलपाभोवतीची खाच नीट बसते का, की दुसऱ्या आकाराच्या जुन्या खाचेत पाचर मारलीय, ते टॉर्चनं बघा. पितळी चाकांना चुंबक लावा. चिकटलं तर आत लोखंड, वर मुलामा. कधी कधी पितळेवर पत्त्यातल्या चौकटीसारखा छोटा चौकोन कोरलेला आढळतो. ती इंग्लंडमध्ये नमुना नोंदवल्याची खूण, १८४२ ते १८८३ या काळातली. १८८४ पासून तिच्या जागी सरळ आकडा आला. भिंग यासाठीच.

खण पूर्ण बाहेर काढा. राणीच्या काळातल्या बऱ्याच इंग्रजी खणांत तळ आणि बाजू जिथे मिळतात तिथे आतून पाव गोलाईची बारीक पट्टी असते, आणि रुंद खणाच्या तळाला मधोमध आधाराची दांडी. मूठ लाकडी, लेथवर कातलेली असेल तर चांगली गोष्ट. पण आतून मोजा. एका मुठीसाठी आत तीन भोकं बुजवलेली दिसली तर ही तिसरी मूठ. त्यानं वस्तू खोटी ठरत नाही, किंमत कमी होते.

गोल टेबल असेल तर मोजपट्टी दोन दिशांनी धरा. लाकूड रेघांच्या आडव्या दिशेनं आकसतं, लांबीच्या दिशेनं जवळजवळ नाही. म्हणून जुनं गोल टेबल नीट गोल राहत नाही, मीटरभरात काही मिलिमीटरांचा फरक येतो. सागात हा फरक कमी, कारण साग फारसा हलत नाही.

आमच्याकडची एक खूण मात्र कुठल्याच पुस्तकात नाही, ती मला मेस्तानं दिली. फर्निचरच्या पायांचा खालचा दोन-तीन बोटं उंचीचा भाग बघायचा. ज्या घरात जमीन शेणानं सारवायचे तिथल्या फर्निचरच्या पायांवर त्या उंचीपर्यंत एक काळपट पट्टा चढलेला असतो, वर्षानुवर्षांच्या सारवणाचा. खोटं करणाऱ्याला हे सुचत नाही. सुचलं तरी तो ब्रशनं सरळ रेघ ओढतो. खरा पट्टा भिंतीकडच्या बाजूला फिका असतो, कारण तिथे सारवणाऱ्या बाईचा हात पोचत नाही.

आता माझी फजिती. नव्वदच्या दशकात एका दुकानातून मी सहा बलून-बॅक खुर्च्यांचा सेट घेतला. फुग्यासारखी गोल, मधे पोकळ पाठ, ही राणीच्या काळातली सगळ्यात ओळखीची खुर्ची. दिवाणखान्यातली असेल तर पुढचे पाय बाकदार, जेवणघरातली असेल तर सरळ कातीव. माझ्या कातीव होत्या. मी एकच उलटी करून बघितली. तिच्यात सगळं जिथल्या तिथे होतं, बोथट स्क्रूसकट. सहांचे पैसे मोजले. महिन्याभरानं मेस्त घरी आला आणि काही न बोलता एकेक खुर्ची एका हातानं उचलून खाली ठेवत गेला. दोन जड, चार हलक्या. त्या चार उलट्या केल्या, बैठकीखालचं कापड उसवलं, आत अधिक चिन्हाचे स्क्रू आणि चहाच्या पाण्यानं रंगवलेलं नवं लाकूड. शिवाय झीज. खऱ्या खुर्चीत झीज जिथे माणूस लागतो तिथे असते. पुढच्या दांडीवर टाचा घासतात, पाठीच्या वरच्या कमानीला मागून हात लागतो, मागच्या पायांची टोकं मागच्या अंगाला गोल होतात, कारण माणूस जेवून झाल्यावर मागे रेलतो. माझ्या चार खुर्च्यांत चारही बाजूंना सारखी झीज होती, कानशीनं घासलेली. त्या चार खुर्च्यांवर बसून आम्ही अजून जेवतो. मजबूत आहेत, बनवणाऱ्याचा हात चांगला होता. तेव्हापासून सेट म्हटलं की प्रत्येक नग उलटा करतो. दुकानदार कंटाळतो, कंटाळू दे.

वाकवलेल्या लाकडाच्या, वेताच्या बैठकीच्या त्या हलक्या खुर्च्या, ज्या जुन्या हॉटेलांत आणि क्लबांत होत्या, त्याही इथे व्हिक्टोरियन म्हणून खपतात. त्या व्हिएन्नाच्या थोनेटच्या धाटणीच्या. बीचचं लाकूड वाफेवर वाकवून १८५९ मध्ये त्यानं चौदा नंबरची खुर्ची काढली. सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केल्या तर एका घनमीटरच्या खोक्यात छत्तीस बसायच्या, म्हणून त्या जगभर गेल्या. १८६९ मध्ये त्याचं पेटंट संपलं आणि इतरांनीही त्या काढल्या. बैठकीच्या कड्याच्या आतल्या अंगाला शिक्का किंवा कागदी चिठ्ठीचा उरलेला तुकडा शोधा.

वेताचं बघताना कडेची भोकं बघा. प्रत्येक धागा वेगळ्या भोकातून गेलेला असेल तर हाताची वीण. कडेनं चर खणून त्यात तयार जाळी दाबून बसवली असेल तर ती नंतरची. नुसता वेत नवा असेल तर खुशाल घ्या. वेत दहा-पंधरा वर्षांनी बदलावाच लागतो. आमच्या बल्कांवातल्या लांब हातांच्या वोल्तेर आरामखुर्चीचा वेत मी तीनदा बदललाय.

पॉलिशची परीक्षा सोपी. न दिसणाऱ्या जागी स्पिरीटचा कापूस अर्धा मिनिट दाबून धरा. चिकट झालं तर चपडी लाखेचं पॉलिश, जुन्या काळचं. काहीच झालं नाही तर वर मेलामाइन किंवा तसलं आजकालचं पॉलिश आहे. लाखेचं पॉलिश आजही करतात, म्हणून त्यानं वय सिद्ध होत नाही, पण मेलामाइनखाली काय दडवलंय हा प्रश्न विचारता येतो.

किडीसाठी पांढरा कागद. वस्तूखाली पसरा आणि वरून मुठीनं चार ठोसे द्या. भोकातून फिकट, ताजा भुसा पडला तर आत कीड जिवंत आहे. भोकं काळी आणि कोरडी असतील तर जुनी गोष्ट. आणखी एक. किडा बाहेर येताना गोल भोक पाडतो. पृष्ठभागावर गोल भोकांऐवजी उघडे, आडवे चर दिसले तर किडीनं खाल्लेलं जुनं लाकूड नंतर कापून ही वस्तू बनवलीय. वासे आणि दारं मोडून ‘अँटिक’ टेबलं करण्याचा धंदा जोरात आहे.

डोळा तयार करायचा तर विकत घ्यायच्या आधी बघत फिरा. चांदरचा ब्रागांझांचा वाडा, तोर्ड्याचं घरांचं संग्रहालय, बाणावलीचं गोवा चित्र, जुन्या गोव्यातलं ख्रिश्चन कलेचं संग्रहालय. तिथे उलटं करून बघता येत नाही, पण वाकून पाय बघायला कोणी अडवत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात अजून सुटी बिजागरी, मुठी, कुलपं मिळतात. मोठी वस्तू मी घरातूनच घेतो.

घरातून घेताना एक पथ्य. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईकडून घेत असाल तर वस्तू काय आहे ते तिला आधी सांगा. राय इथे एका आजींनी मला वॉशस्टँड ‘घेऊन जा रे बाबा, जागा अडते’ म्हणून फुकट द्यायला काढलं होतं. संगमरवरी फळीचं, विलायती. मी त्यांना त्यांच्या मुलाला विचारायला लावलं. मुलानं भाव सांगितला, मी दिला. त्या नाताळात आजींनी बिबिंका पाठवली.

कायदाही ध्यानात असू द्या. १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्यानुसार शंभर वर्षांवरची पुरातन वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि असल्या वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. लिस्बनच्या किंवा लंडनच्या पुतण्याला खुर्ची पाठवायची स्वप्नं बघू नका. वस्तू शंभर वर्षांच्या आतली असेल तर बाहेर पाठवायला पुरातत्त्व खात्याकडून तसा दाखला घ्यावा लागतो. आणि हस्तिदंत जडवलेलं काही दाखवलं तर हातही लावू नका, त्याची खरेदी-विक्रीच बंद आहे.

घरी आणल्यावर खरी कसोटी पावसाची. विलायती वस्तू सरसानं चिकटवलेली असते, आणि जुलैच्या दमटपणात सरस सुटतो, महोगनीचे पापुद्रे पापडासारखे उचलले जातात. ते फेव्हिकॉलनं दाबू नका, परत सरसच लावा. म्हणजे पुढच्याला पुन्हा सोडवता येईल. चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला कपाट टेकवू नका, भिंत घाम सोडते, वीतभर पुढे ठेवा. पायांखाली शहाबादी फरशीचे तुकडे घाला, वाळवी वर चढताना दिसते तरी. लाखेच्या पॉलिशवर पावसात पांढुरकी झाक येते. घाबरून घासायला बसू नका, बहुतेक वेळा ऊन पडलं की कमी होते. मे महिन्यात मेणाचा एक पातळ हात, मऊ जुन्या धोतराच्या तुकड्यानं. जुनं पॉलिश काढून चकचकीत करून घ्यायचा मोह झाला तर आधी मला फोन करा, मी शिव्या देईन.

आणि पावसात अडकलेल्या खणाला रंधा मारू नका. लाकूड फुगलेलं असतं, ते परत बसतं. रंधा मारलात तर उन्हाळ्यात तोच खण खडखडा वाजेल. आमच्या टेबलाचा डावा खण जूनपासून अडकलाय. आत घरचीचा वाचायचा चष्मा आहे. दिवाळीनंतर निघेल, असं मी तिला सांगितलंय.